उसनं हाड

"पाय आपणहून कुठे निघाला तर निघू दे हं. अडवू नकोस. आणि बांधू तर मुळीच नकोस."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या पायात चप्पल होती, पिशवी खांद्याला होती आणि त्यांचा मुलगा बाहेर लिफ्ट अडवून उभा होता. सुनेने "हो हो" म्हटलं. दुखण्याच्या गोळ्यांनी माणसं काहीबाही बोलतात हे तिने त्या वॉर्डात पुरेसं ऐकलं होतं; आदल्याच दिवशी एक आजोबा भिंतीला चहा विचारत होते. शिवाय त्या क्षणी तिच्या कडेवर तिची लहानगी लेक चिमणी होती, दुसऱ्या हातात सासूबाईंचे एक्स-रे होते, आणि चिमणी ते एक्स-रे खायला बघत होती. बाईंचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं.

सासूबाईंचा डावा खुबा पूर्वी एकदा बदलून झाला होता. ही घरात सून म्हणून येण्याच्याही आधी. तेव्हा बसवलेली सांध्याची कृत्रिम वाटी वर्षानुवर्षं घासत राहिली, मग हलायला लागली, आणि हलता हलता आजूबाजूचं हाड खात गेली. एक्स-रेमध्ये वाटीभोवती काळं वलय दिसायचं.

"भिंतीतलं भोक मोठं झालं की नुसता नवा खिळा ठोकून उपयोग नसतो," डॉक्टरांनी समजावलं होतं. "आधी भोक बुजवायला लागतं."

"कशाने?" सासूबाईंनी विचारलं.

"हाडाने. खुबा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढावाच लागतो. तो आम्ही फेकत नाही. पेशंटने हो म्हटलं तर गोठवून ठेवतो, काही महिन्यांनी त्यांचं रक्त पुन्हा तपासतो, आणि मग तुमच्यासारख्यांना वापरतो. किसून."

"गाजरासारखं?"

डॉक्टर हसले. "गाजरासारखंच. तो कीस पोकळीत ठासायचा, वर नवी वाटी. हळूहळू तुमचं स्वतःचं हाड त्यात वाढतं."

"आणि हाड देणारी बाई? की बाप्या?"

"बाईच. छान आहेत. इथूनच चालत घरी गेल्या."

"म्हणजे ती तिकडे हिंडतेय आणि तिचं हाड इकडे," सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या. "एका हाडात दोन बायका. भांडणं नाही झाली म्हणजे मिळवली."

ऑपरेशननंतर घरी निघताना मात्र डॉक्टर हसत नव्हते. पाय पायावर टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, बुटक्या स्टुलावर बसायचं नाही. सांधा निखळला आणि बुजवलेलं हाड ढासळलं, तर तिसऱ्यांदा वाटी बसवायला काही उरलेलं नसेल. मग जन्मभर खाट. हे त्यांनी सुनेकडे बघून सांगितलं, सासूबाईंकडे बघून नाही.

तेव्हापासून तिचं काम म्हणजे पहारा. घर वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. गॅलरीला जाळी, स्वयंपाकघराच्या दाराला चिमणीसाठी लाकडी फाटक, जमिनीवरच्या सतरंज्या गुंडाळून कपाटावर. नवरा पुलांच्या बांधकामावर, दूर. त्याचा आवाज तेवढा संध्याकाळी फोनमधून घरी यायचा. "एकीला पडत पडत शिकायचंय आणि दुसरीने पडायचंच नाहीये," ती त्याला सांगायची, "आणि दोघी एकाच वेळी उठतात." तिने कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलं होतं. गोष्टी पडतात याविषयी तिच्या मनात कधीच शंका नव्हती. एकीला अंघोळ घालायची तर दुसरीला दाराच्या फटीतून दिसेल अशी बसवायची. खाली कचरा टाकायला जायचं तरी जीव टांगणीला. दिवसेंदिवस ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही याची तिला मधूनच भीती वाटायची.

"आमच्या पहारेकरीणबाई," सासूबाई फिजिओवालीला ओळख करून द्यायच्या. "श्वास घेतला तरी नोंद होते."

सासूबाई टेलिफोन खात्यात होत्या. माणसं बोलायची, या मधे बसून लाइन जोडून द्यायच्या, त्या जुन्या काळात. तोंड फटकळ, कान तिखट.

पहिल्यांदा दिसलं ते दुपारी. सासूबाई आणि चिमणी दोघी झोपल्या होत्या आणि ती दाराशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. चादरीखाली डावं पाऊल हलत होतं. टाच, चवडा. टाच, चवडा. झोपेत माणसाचा पाय उडतो, तसं ते नव्हतं. त्याला लय होती. मधेच थांबायचं, जरा वेळाने पुन्हा सुरू. उजवं पाऊल शेजारी गप्प पडून होतं.

ती बघत राहिली. तिच्या आईच्या मैत्रिणीकडे पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं; लहानपणी ती त्याखाली बसून पावलं बघायची. थांबायचं ते कापड वळवायला. पुन्हा सुरू.

"आई, तुम्ही कधी शिवण शिकला होतात?" जाग आल्यावर तिने विचारलं.

"मी? सुईत दोरा ओवायचा तर तुझे सासरे ओवून द्यायचे."

फिजिओवालीला सांगितलं. ती म्हणाली, स्नायू जागे होतायत, चांगलं लक्षण आहे. तिला ते पटलं. पटवून घेतलं.

मग पायरी आली. सासूबाई वॉकर घेऊन खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाल्या की वाटेत, कपाटाच्या जरा पुढे, डावा पाय उंच उचलला जायचा. सपाट फरशीवर. उचलायचा, पुढे ठेवायचा, आणि तो फरशीवर आपटला की त्या दचकायच्या.

"काय झालं?"

"इथे पायरी आहे."

"आई, इथे कुठली पायरी?"

"मला काय विचारतेस? पायाला विचार."

दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिने खाली बसून फरशीवर हात फिरवला. सपाट. चिमणीने पण फिरवला. सासूबाई वॉकरला धरून दोघींकडे बघत होत्या. "चुकतंय काहीतरी," त्या म्हणाल्या, पण थट्टेत नाही. "आमच्याकडे कधी कधी व्हायचं असं. दोन लाइनी एकमेकींत शिरायच्या. आपण भलत्याच घरातलं ऐकत बसायचो. भाजी काय केली, कोण आजारी."

"आई, उगाच घाबरवू नका हं मला."

"मी नाही घाबरलेय. लाइनवर कुणीतरी आहे गं, एवढंच."

त्यानंतर तिला ते न बघणं जमेना. पाय मशीनवर असायचा दुपारभर. मग उठायचा, काही पावलं, मग ती उंच पायरी, आणि पायरीनंतर पाऊल नेहमी जपून, सपाट टेकायचं, निसरड्यावर टेकतात तसं. ती बाथरूमची पायरी असणार. पायरी चढून आत. परत येताना खाली उतरणं, आणि उतरताना क्षणभर थांबणं, हाताने कशाचा तरी आधार घ्यायला. तिच्या डोक्यात एका घराचा नकाशा तयार होत गेला. एकच खोली असावी. मशीन खिडकीशी असावं, कारण पाय उन्हाच्या वेळी तिथे असायचा. दुसरं कुणी नसावं. पाय कधीच कुणाला वाट द्यायला बाजूला सरकला नाही, दाराशीही कधी गेला नाही. आपण डोळ्यांत तेल घालून जपलेल्या घरात एक परकी बाई नांदतेय असं तिला वाटायचं. आणि त्या बाईचा राग यायचा, कारण ती सांभाळून वागत नव्हती.

एके दिवशी तर पाय चढायला लागला. झोपेत, उजव्या पायावर. काम आटोपून आरामात बसलेली बाई टाकते तसा पायावर पाय.

तिने धावत जाऊन तो खाली घेतला. तो पुन्हा चढला. खुब्याच्या आत कसलासा बारीक आवाज झाला, लाकूड कुरकुरावं तसा.

हॉस्पिटलमधून येताना दिलेली त्रिकोणी उशी माळ्यावर होती. स्पंजची, टणक, दोन पायांच्या मधे ठेवायची, दोन्ही बाजूंना पट्टे. सुरुवातीच्या दिवसांत झोपताना बांधायला सांगितली होती. तिने ती काढून झटकली. चिमणीला फाटकापलीकडे बसवलं, हातात बिस्कीट दिलं.

"आता हे कशाला पुन्हा?" सासूबाई म्हणाल्या.

"दुपारपुरतं, आई. तुमचा पाय ऐकत नाही."

"माझा असेल तर ऐकेल ना."

तिने मांडीचा पट्टा आवळला. मग पोटरीचा. सासूबाईंनी डोळे मिटले. फाटकामागे चिमणी बिस्कीट चघळत होती. मग सुनेच्या हाताखाली पाय ताठ झाला.

त्याला उचलायचं होतं. उंच, नेहमीसारखं. पट्टा कातडीत रुतला. तिने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. एवढ्या वाळलेल्या पायात एवढी ताकद कुठून आली हे तिला कळेना. गर्दीत हात सोडवून पळणाऱ्या मुलासारखा तो ओढत होता.

"सोड," सासूबाई म्हणाल्या. डोळे उघडे होते.

"आई, निखळेल."

"सोड, अगं, सोड. ती पायरीवर आहे."

तिने सोडलं नाही. तिने सगळं वजन टाकलं.

मग पाय एकदम सैल पडला. हातातून काहीतरी निसटावं तसा.

चिमणी चघळायची थांबली होती.

"पडली," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"कोण?"

तिने पट्टे सोडले. तेव्हा तिला हॉस्पिटलमधल्या शेजारच्या खाटेवरच्या बाई आठवल्या, चप्पल घातलेल्या, "बांधू तर मुळीच नकोस" म्हणणाऱ्या, आणि लिफ्टचं उघडं दार.

संध्याकाळपर्यंत पाय गार पडला. गुडघा आत वळलेला, पाऊल बाहेर. सरळ करायला गेलं की सासूबाईंना दुखत नव्हतं, पण तो सरळही होत नव्हता. टाचेची कातडी पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. तिने पुसली. कोरडीच होती.

सकाळी रुग्णवाहिका बोलावली. चिमणी कडेवर, सासूबाई चाकांच्या खुर्चीत. एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. "सुंदर. वाटी जागच्या जागी. नवं हाड काय छान धरलंय बघा." पायाचं विचारलं तर म्हणाले, स्नायू आखडलाय, सुटेल.

ती सासूबाईंची खुर्ची घेऊन तिथून थेट तळमजल्यावर, गोठवलेली हाडं ठेवतात तिथे गेली. हाडांची पेढी असं तिथे कुठे लिहिलेलं नव्हतं. एक अरुंद खोली होती, फ्रीजचा घुमणारा आवाज आणि टेबलामागे एक चष्मेवाले गृहस्थ.

"देणाऱ्याचं नाव सांगता येत नाही, ताई. नियम आहे."

"नाव नका सांगू. तुम्ही स्वतः फोन करा. बऱ्या आहात का, एवढंच विचारा."

"पण का?"

ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंना आभार मानायचेत."

सासूबाईंनी खुर्चीतून हात जोडले. मनात आणलं तर त्या उत्तम खोटं बोलायच्या. गृहस्थ विरघळले. संगणकात बघून त्यांनी नंबर लावला आणि फोन कानाला धरला. बारीक रिंग बाहेर ऐकू येत होती.

खुर्चीतला डावा पाय हलला.

आधी बोटं वळली, फरशी पकडायला बघावी तशी. मग टाच रेटा द्यायला लागली. मांडी थरथरत होती. पाय जायला बघत होता, कुठेतरी, पुढे, थोडंसंच पुढे. सासूबाईंनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. रिंग वाजत होती.

मग रिंग थांबली. पाय खाली गळून पडला.

"उचलत नाहीत. बाहेर गेल्या असतील."

"परत लावा."

त्यांनी परत लावला. या वेळी त्यांची नजर पायावर होती. रिंग, आणि तो रेटा. रिंग, आणि तो रेटा. पुरी व्हायच्या आतच त्यांनी फोन ठेवून दिला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"मी माणूस पाठवतो," ते म्हणाले. का, ते त्यांनी विचारलं नाही.

माणूस गेलाही. संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहतं. बाईंनी ऑपरेशननंतर घर बदललं, लहान जागा घेतली, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. नातेवाईक म्हणून जो नंबर दिला होता तो बंद आहे. आणि बाईंचा फोन आता वाजतसुद्धा नाही.

पोलिसांनी विचारलं, हरवलेली व्यक्ती तुमची कोण? तिने फोन ठेवून दिला. नवऱ्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू जरा झोप काढ गं. मी येतो आठवडाभरात." तिला त्याचा राग आला नाही. तिच्या जागी तो असता तर तिनेही हेच सांगितलं असतं.

तेव्हापासून पाय ठोके देतोय. टाच उचलते आणि गादीवर पडते. उचलते आणि पडते. जमिनीवर टाच आपटून खालच्या मजल्याला हाक मारावी तसं. गादीवर त्याचा आवाज होत नाही. सासूबाईंनी गादी काढायला लावली, खाली फळी ठेवायला लावली. "निदान ऐकायला तरी कुणी हवं," त्या म्हणाल्या. आता घरभर ऐकू येतं. स्वयंपाकघरात, फाटकाशी, गॅलरीच्या जाळीशी. ती खोलीबाहेर गेली तरी ते तिच्या मागे येतं.

चिमणी आधी हसली. मग खाटेला धरून उभी राहिली आणि तिने आपल्या तळहाताने त्या पावलावर थापटलं. थप, थप.

ठोके थांबले.

मग पावलाने, अगदी तस्संच, दोनदा.

सुनेने चिमणीला ओढून घेतलं, दुसऱ्या खोलीत नेलं, दार लावलं. दाराला टेकून उभी राहिली. मग परत आली, खाटेशी गुडघ्यांवर बसली, आणि बोटाने त्या गार टाचेवर वाजवलं.

टाचेने उत्तर दिलं.

सासूबाई झोपत नाहीत. काही विचारलं तर म्हणतात, "थांब, ती बोलतेय." आज सकाळी त्यांचा उजवा पायही गुडघ्यात आत वळला. त्या बाजूला कुणाचंच हाड नाही. सुनेने तो दोन्ही हातांनी सरळ केला. बांधला नाही.

तिला घर सोडता येत नाही. दोघींना टाकून जाणार कुठे, आणि कुठलं दार ठोठावणार? म्हणून हे सगळं तिने सांगितलं, आणि आता तिचं मागणं तुमच्याकडेच आहे. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, नाहीतर मागच्या बोळात, अलीकडेच एकटी राहायला आलेली एखादी बाई आहे का, ते आठवून बघा. खुब्याचं ऑपरेशन झालेली. किंचित जपून चालणारी. दुपारी जिच्या खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि गेले काही दिवस येत नाहीये. तुम्ही म्हणाला असाल, गावाला गेली असेल. तसं म्हणू नका. आत्ता उठा आणि बघून या. दार आतून बंद असेल तर तोडा, संकोच करू नका. बाथरूमकडे जाताना पायरी उंच आहे, आणि तिथे ओलं असेल. सांभाळून.

आम्हाला कळवायची काही गरज नाही. तुम्ही दार वाजवलंत, की इथे कळेल.